गादीवरची धूळ

त्या वर्षी माझं काम होतं धूळ गोळा करायचं.
व्हॅक्यूमच्या तोंडाला मोज्यासारखी पांढरी पिशवी,
गादीचा एक चौरस मीटर, घड्याळ लावून दोन मिनिटं,
मग पिशवीला गाठ, गाठीवर क्रमांक.
नाव लिहायचं नाही, वेस्टरिनेनबाई बजावायच्या.

आमच्या बाजूला, फिनलंडात,
आया दारातच ओशाळायच्या:
कालच झाडलंय हो, मिळेल की नाही कोण जाणे.
आणि खरंच, पिशवीच्या तळाशी
नखावर मावेल इतकीच राखाडी.
पोरं बाजूला उभी, नाक ओढत.
बर्चला तुरे आले की यांचे डोळे लाल,
सफरचंदाचा घास घेतला की ओठ चुरचुरणार,
एकाच्या खिशात निळा पंप, गोट्यांच्या सोबतीला.

मग सीमेपलीकडे.
बर्च तेच. सरोवरावरून येणारा वारा तोच.
पणजोबासुद्धा एकच असायचे कित्येकांचे,
आडनावाची शेपटी तेवढी बदललेली.
झिनाइदाच्या ओसरीत शेळी बांधलेली होती,
पलंगाखाली बटाटे, मातीसकट.
दोन मिनिटं व्हायच्या आत पिशवी जड झाली.
पाहुण्यानं येऊन पायधूळ झाडावी म्हणतात,
मी त्यांचीच भरून घेऊन निघाले होते.

तिची उस्तिन्या नऊ वर्षांची.
हातावर पेनानं रेघा, रेघांवर थेंब,
थेंबातून सुईचं टोक, जेमतेम.
पंधरा मिनिटं आम्ही तिघी त्या हाताकडे बघत बसलो.
गवत, मांजर, बर्च, अंडं: काही नाही.
फक्त शेवटचा हिस्टामिनचा थेंब फुगला,
जो सगळ्यांचाच फुगतो, फुगायलाच हवा.
"मला एकच?" तिनं विचारलं,
खाऊ वाटताना मागे राहिल्यासारखं.

नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं बर्फाची पेटी उघडायला लावली.
काय आहे? धूळ.
कुठली? गाद्यांवरची.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सहकाऱ्याकडे.
किंमत या रकान्यात शून्य लिहिलं आणि शिक्का मारला.

घरी केर्तू उशांना टेकून बसलेली असायची.
रात्री तिच्या छातीत मांजर गुरगुरायचं.
(मांजर आम्ही केव्हाच देऊन टाकलं होतं.)
मी फरशी पुसायची. गरम पाण्यानं पुन्हा पुसायची.
दिवसभर धुळीचं वजन करून आलेली बाई
रात्री धूळ शोधत गुडघ्यांवर.

इतकं सोपं नसतं, वेस्टरिनेनबाई म्हणायच्या.
तिकडे क्षय आहे, जंत आहेत,
ज्यांचे हात आपण तपासतो ती वाचलेली मुलं.
गरिबीला औषध म्हणू नकोस.
बरोबरच होतं.
पण त्या पिशव्यांत सूक्ष्मजीवांची जी गर्दी निघाली
ती पाहून त्याही जरा वेळ गप्प बसल्या.
कुणाचीच ओळख नसलेला पहारेकरी
परागकणावरसुद्धा बंदूक रोखतो,
एवढं मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

आता बालवाडीच्या अंगणात डांबर उखडून
जंगलाची जमीन अंथरतात, गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली.
शेवाळ, ब्लूबेरीची झुडपं, मुंग्या फुकट.
केर्तूचा पोरगा तिथे चिखलाचे केक थापतो,
एखादा खातोही.
ती कुंपणापाशी उभी राहते, पंप मुठीत धरून,
आणि त्याला ओरडत नाही. त्याला किती जोर लागतो
ते मला दिसतं.

रस्ता बंद झालाय. नाक्यावर काटेरी तार.
गेल्या आठवड्यात नवा फ्रीझर आला, उणे ऐंशीचा,
म्हणून जुन्या पिशव्या हलवायला मला निवृत्तीतून बोलावलं.
चारशे सतरा. नाव नाही, पण मला माहीत आहे.
हातमोज्यातूनही बोट बधिर झालं.

तिकडेही आता गाद्या झाडत असतील,
बटाटे दुकानातून, धुतलेले.
उस्तिन्याची मुलं असतील तर
मे महिन्यात शिंकत असतील, किंवा नसतील.
विचारायला कुणी जात नाही.
मी पिशवी खणात ठेवली,
यादीत खूण केली,
आणि किंमतीचा रकाना या यादीतही होता, तो
कोराच सोडला.